विश्वाला ढकलतंय कोण?

प्रश्न : विश्व पसरतंय हे वाचलं, पण कशात पसरतंय आणि का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : कशातच नाही हो, दीर्घिकांमधली जागाच वाढतेय. 'का' मात्र खरंच अवघड आहे. १९९८ साली लांबच्या सुपरनोव्हा (स्फोट होणारे तारे) बघून कळलं की पसरण्याचा वेग वाढतोय, खरं तर गुरुत्वाकर्षणाने ब्रेक लागायला हवा होता, म्हणून कारणाला डार्क एनर्जी म्हणायला लागले, पण नाव दिलं म्हणजे उत्तर मिळालं असं नाही ना. एक कल्पना अशी की रिकाम्या जागेलाच स्वतःची ऊर्जा असते, जागा वाढली की तीही वाढते, पण क्वांटमचं, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या नियमांचं, साधं गणित केलं तर आकडा मोजलेल्यापेक्षा एकावर सुमारे १२० शून्यं इतक्या पटींनी मोठा येतो! दुसरी, ही ऊर्जा काळानुसार बदलते; दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या २०२४ च्या निरीक्षणांत ती कमी होत असल्याचे इशारे आहेत, पक्कं नाही अजून. आणि आपल्या पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारे नारळीकर सर, त्यांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉइलसोबत १९६० च्या दशकात सी-फील्ड नावाचं ऋण ऊर्जेचं क्षेत्र मांडलं, त्यातून नवं द्रव्य तयार होतं आणि तेच फील्ड जागा ताणतं. बहुतेकांनी ते स्वीकारलं नाही, कारण सगळीकडून येणारं मायक्रोवेव्ह प्रारण विश्व महास्फोटातून सुरू झालं या कल्पनेशी जास्त जुळतं, पण 'ढकलतंय कोण' हा तुमचाच प्रश्न त्यांनी इतक्या आधी गणितात धरला याचं मला फार अप्रूप वाटतं.