प्लास्टिव्हिजन या प्लास्टिक उद्योगाच्या प्रदर्शनाला पहिल्यांदाच जाताय?

गोरेगावला सगळे हॉल पालथे घालायचा हट्ट सोडा. कंपाउंडिंग, म्हणजे प्लास्टिकमध्ये पावडर, फायबर वगैरे मिसळून नवा माल बनवणं, सुरू करायचंय ना? मग ट्विन स्क्रू (दोन स्क्रूंनी माल वितळवून मिसळणारं मशीन), फीडर (त्यात माल मोजून टाकणारा) आणि ड्रायर एवढंच बघा. रिअ‍ॅक्टिव्ह एक्स्ट्रूजन (मशीनमध्येच रासायनिक क्रिया घडवणं) वगैरे पुढे कधीतरी.

नवखा माणूस हमखास विचारतो, "तासाला किती किलो?" आणि मोठा आकडा ऐकून खूश होतो. तो आकडा कोणत्या मालावरचा, ते विचारा. नुसत्या पीपीवर (पॉलिप्रॉपिलीन) ३०० किलो देणारं मशीन ४० टक्के टाल्क (खनिज पावडर) घातली की हॉपरपाशीच, म्हणजे माल ओतायच्या तोंडाशीच, अडतं. पावडर हलकी, तिच्यात हवा भरलेली, स्क्रू ती ओढतच नाही. मी असाच फसलो. पावडर बाजूनं आत ढकलणारा साइड फीडर नंतर वेगळ्या पैशानं बसवला.

आणखी थोडं:

- स्टॉलवर उघडा बॅरल (स्क्रू ज्यात फिरतात ती नळी) दिसला की वाकून बघा. ग्लास फायबर मागच्या हॉपरमधून नाही, पुढे वितळलेल्या मालात पडायला हवं.
- नव्या ग्रेडचा एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो तो आकडा) वाचताना चाचणीचं तापमान आणि वजनही वाचा. पीपीचा २३० अंशांवरचा आकडा पीईच्या (पॉलिथिलीन) १९० अंशांवरच्या आकड्याशी ताडू नका.
- ट्रायल त्यांच्या कारखान्यात, पण माल तुमचा. निदान चार तास चालवा.

स्टॉलवर अ‍ॅडव्हान्स देऊ नका. तो 'शो डिस्काउंट' पुढच्या आठवड्यातही मिळतो.