कोच कोण, हा दुसरा प्रश्न

चि. मित्रास, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आपली हॉकीची टीम लागोपाठ हरते आहे, पाठीराख्यांत तट पडलेत, रविवारच्या बैठकीत तुला बोलायला उभं करणार आहेत, आणि तू विचारतोस, "काका, कोच म्हणून कुणाचं नाव घेऊ?" नाव मी सुचवणार नाही. सुचवलं तर बेळगावात कॅम्पापासून शहापूरपर्यंत सगळे म्हणतील की म्हाताऱ्यानं पोराला पढवून पाठवलं. पण नाव घेण्याआधी काय बघायचं ते सांगतो. ते बघून झालं की नाव तुझं तूच ठरवशील.

तुझ्या पत्रावरून तीन बाजू दिसतात. काहींना गावातला जुना नामांकित खेळाडू बाकावर बसलेला हवाय. काहींना बेंगलोरहून डिप्लोमावाला कोच आणायचाय. राहिलेले म्हणतात, आहेत ते पीटीचे सर काय वाईट आहेत, पोरं त्यांचं ऐकतात. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही.

जुन्या खेळाडूवाल्यांपासून सुरू करू, कारण त्यांचा आवाज मोठा. 1964 साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटील होते. तुझ्या पिढीतल्या निम्म्या पोरांना हे ठाऊक नाही आणि माझ्या पिढीतली निम्मी माणसं त्याच्या पुढे सरकायला तयार नाहीत. अभिमान हवाच. पण तो सगळा खेळ गवतावरचा. 1975 साली क्वालालंपूरला आपण विश्वचषक जिंकलो आणि पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या ऑलिम्पिकमध्ये सातवे आलो. त्या ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर, म्हणजे बनावट गवताच्या मैदानावर, खेळली गेली. वर्षभरात आपले खेळाडू खेळ विसरले नव्हते. पायाखालचं मैदान बदललं होतं, आणि तसलं मैदान आपल्याकडे सरावाला नव्हतं.

आपल्या पोरांचंही तेच दुखणं आहे, फक्त लहान प्रमाणात. ती शिकतात मातीवर. मातीवर चेंडू उडतो, ऐनवेळी दिशा बदलतो, म्हणून पोरगं वाट बघायला शिकतं: स्टिक उभी धरायची, चेंडू अंगाजवळ येऊ द्यायचा, मग थांबवायचा. खानापूरकडच्या पोरांचे हात या कामात इतके तयार असतात की बघत राहावं. तीच पोरं बेंगलोरला ओल्या टर्फवर उतरली की चेंडू सरळ येतो, पण दुप्पट वेगानं. थांबवून मान वर करेपर्यंत समोरचा अंगावर आलेला असतो. तिथं स्टिक आडवी, जमिनीलगत टाकायची, आणि पास कुठं द्यायचा ते चेंडू यायच्या आधीच बघून ठेवायचं. ही सवय भाषणानं लागत नाही, टर्फवर तास घालवून लागते. जुना खेळाडू आणा नाहीतर बेंगलोरचा आणा, स्पर्धेआधी चार दिवस टर्फवर सराव मिळणार नसेल तर दोघंही सारखेच हरतील. ज्याचं नाव पुढं येईल त्याला पहिला प्रश्न हाच विचार: टर्फ कुठून आणि कसं मिळवणार?

आता "कोच बदला" आणि "कोच बदलू नका" यांविषयी. या वादात दोन्हीकडून देशाच्या संघाचे दाखले येणार, तेव्हा ते नीट माहीत असू देत. 2013 ते 2019 या काळात भारताच्या पुरुष संघानं नॉब्स, वॉल्श, व्हॅन अस, ऑल्टमन्स, मारिन, हरेंद्र सिंग आणि रीड असे सात मुख्य कोच पाहिले. यातल्या वॉल्शनं 2014 साली इंचॉनला सोळा वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळवून दिलं आणि त्यानंतर काही आठवड्यांतच त्याचं वरच्यांशी बिनसून तो गेला. त्याआधीचं आशियाई सुवर्ण 1998 चं, बँकॉकचं. तेव्हा कोच होते एम. के. कौशिक, आणि सुवर्ण जिंकून आल्यावर त्यांना काढलं, धनराज पिल्लेसकट काही खेळाडूंनाही घरी बसवलं. जिंकल्यावर काढायची ही तऱ्हा दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिली नाही. रीडला मात्र टिकू दिलं आणि 2021 साली टोकियोत एक्केचाळीस वर्षांनी ऑलिम्पिक पदक आलं, जर्मनीविरुद्ध 5-4.

इथं टाळ्या वाजवून खाली बसू नकोस, कारण समोरचा उठून विचारेल, "मग 2023 च्या विश्वचषकात काय झालं?" न्यूझीलंडकडून शूटआउटमध्ये हरलो, घरच्या मैदानावर, आणि रीड गेला. त्याच्या जागी फुल्टन आला, त्याच वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण, पुढच्या वर्षी पॅरिसला ऑलिम्पिक कांस्य. म्हणजे बदलूनही झालं. सगळ्यात मजेशीर गोष्ट मारिनची. पुरुष संघाला 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पदक नाही म्हणून त्याला बाजूला करून महिला संघाकडे पाठवलं. त्याच माणसानं त्या मुलींना टोकियोत चौथ्या क्रमांकापर्यंत नेलं. माणूस तोच होता. एका ठिकाणी बसला नाही, दुसऱ्या ठिकाणी बसला. म्हणून "तो कोच चांगला आहे का" असं विचारू नये. आपल्या टीमचं जे अडलंय ते त्याला येतं का, एवढंच बघायचं.

आणि अडलंय काय, हे तुमच्यातल्या कुणी बघितलंय का? तुझ्या लांबलचक पत्रात नावं भरपूर आहेत, मॅचबद्दल मात्र एकच वाक्य: "शेवटी पोरं ढेपाळतात." मला त्या वाक्यात रस आहे.

रविवारच्या आत एक काम कर. झालेल्या मॅचच्या स्कोअरशीटच्या झेरॉक्स मिळव. सेक्रेटरीकडे असतात, देत नाही म्हणाला तर चहा पाजून घे. प्रत्येक गोल कितव्या मिनिटाला झाला आणि मैदानी होता की पेनल्टी कॉर्नरवर (बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल गोलरेषेवरून चेंडू ढकलून मिळणारी संधी), हे त्यात लिहिलेलं असतं. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, चार रकाने आख आणि खाल्लेले गोल त्यात मांड. माझा अंदाज आहे की शेवटच्या रकान्यात गर्दी दिसेल. तशी ती दिसली तर लगेच "फिटनेस कमी, सर सराव घेत नाहीत" म्हणून मोकळा होऊ नकोस. पोरं बेंगलोरला कशी गेली होती ते विचार. मला जे कळलं ते असं: तिकिटं वेळेवर काढलीच नव्हती. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात, दाराजवळ किटबॅगांवर बसून रात्र काढली, सकाळी स्टेशनवर इडली खाल्ली आणि थेट मैदानावर. तशा पायांनी पंचेचाळीस मिनिटं निघतात. पुढची पंधरा निघत नाहीत, मग बाकावर कुणीही बसू दे.

हे काम कोचचं नव्हे, मॅनेजरचं. आणि आपल्या टीमला मॅनेजर नाही. पीटीचे सरच तिकिटं बघतात, नोंदणीचे अर्ज भरतात, वयाचे दाखले गोळा करतात, जेवणाचं ठरवतात आणि उरलेल्या वेळात कोचिंग करतात. तुम्ही भांडताय ते एका खुर्चीसाठी, पण कामं दोन आहेत आणि त्यातल्या एकाला धनीच नाही. पावसाळ्यात घर गळत असताना भिंतीला रंग कुठला द्यायचा यावर भाऊबंद भांडतात, तसलं हे भांडण.

सरांचा वकील म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांची कमतरता कुठं आहे तेही सांगतो. परवा मी मुद्दाम सरावाला जाऊन कठड्यावर बसलो होतो. पेनल्टी कॉर्नर चालला होता. रेषेवरून चेंडू ढकलणारा पोरगा चेंडू दर वेळी हातभर मागे टाकत होता. थांबवणाऱ्याला त्यासाठी वाकल्या वाकल्या सरकावं लागत होतं. त्यामुळे फ्लिक मारणाऱ्याची पावलं चुकत होती, तो मध्येच अडखळून परत पाऊल जुळवत होता. तेवढ्या वेळात बचावातला पहिला धावणारा त्याच्या स्टिकपाशी पोचत होता. सर काय ओरडत होते? "जोरात मार!" दोष मारणाऱ्याचा नव्हताच, पहिल्या ढकलण्याचा होता. हे ज्याला दिसतं तो कोच. बेंगलोरवाल्याला बोलवायचं असेल तर वर्षभरासाठी कशाला? स्पर्धेआधी आठ-दहा दिवस फक्त पेनल्टी कॉर्नर आणि टर्फवरच्या सवयी यांसाठी बोलवा. सरही शेजारी उभे राहून शिकतील. कुणी म्हणेल त्यांना कमीपणा वाटेल. मला नाही तसं वाटत, त्यांना मी ओळखतो.

नामांकित खेळाडूबद्दलही एक गोष्ट हातात ठेव. भारताचा गोलकीपर श्रीजेश पॅरिसनंतर निवृत्त झाला तेव्हा त्याच्याएवढं नाव देशाच्या हॉकीत कुणाचं नव्हतं. तरी तो गेला ज्युनिअर टीमकडे, आणि 2024 च्या अखेरीस मस्कतला ज्युनिअर आशिया कप जिंकून आला. आपल्या नामांकितांना असंच विचारा: सोळा वर्षांखालच्या पोरांना आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहाला शिकवाल का? हो म्हणाले तर माणूस सोन्यासारखा. फक्त मॅचच्या दिवशी ब्लेझर घालून बसायचं असेल तर त्यांना बक्षीस समारंभाला बोलवू, मानानं.

आता नाजूक भाग. बैठकीत कुणीतरी उठून "आपला माणूस पाहिजे" म्हणणार. आपल्या भागात याचा अर्थ काय होतो ते तुला सांगायला नको. मराठी म्हणतील मराठी, कानडी म्हणतील कानडी. त्या वेळी वाद घालत बसू नकोस, सगळ्यांना मैदानावर घेऊन जा. तिथं लेफ्ट हाफ "हिंदे बघ, हिंदे!" असं ओरडतो आणि फुलबॅक बरोबर मागे वळतो. निम्मं कानडी, निम्मं मराठी, शिव्या हिंदीत. पोरांनी तो प्रश्न केव्हाच मिटवलाय. येणाऱ्या कोचला ही खिचडी कळली पाहिजे, एवढीच अट घाला, कारण क्वार्टरच्या मधल्या दोन मिनिटांत दुभाषा लावता येत नाही. बेंगलोरवाला फक्त इंग्रजीत बोलणार असेल तर तो कितीही हुशार असला तरी चारच पोरांचा कोच होईल.

शेवटी तू हळूच लिहिलंयस की मॅनेजर म्हणून तुझंच नाव कुणीतरी काढलंय आणि तुला जरा संकोच वाटतोय. कोच म्हणून काढलं असतं तर मी नको म्हणालो असतो. आधी हॉकी इंडियाचा बेसिक लेव्हलचा कोर्स कर, मग बघू. मॅनेजरकी मात्र घे. मान मिळणार नाही, जिंकल्यावर फोटोत तू कडेला असशील, हरल्यावर जेवण खराब होतं म्हणून पोरं तुलाच बोल लावतील. पण या टीमची आत्ता जी अडचण आहे त्यातली निम्मी तुझ्या हातानं सुटेल.

स्पर्धेची तारीख पक्की झाली की त्याच दिवशी कामाला लाग. रेल्वेचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, आणि सणाच्या तोंडावर चन्नम्माचं स्लीपर तासाभरात भरतं. पोरं मॅचच्या आदल्या दिवशी पोचतील असं बघ. परतीची तिकिटं फायनलच्या दुसऱ्या दिवसाची काढ. "पहिल्याच फेरीत हरलो तर?" असं खजिनदार विचारील. तेव्हा रद्द करू, पैसे थोडे कापले जातील म्हणावं, आणि ते कमिटीनं सोसायचे हे रविवारीच इतिवृत्तात लिहून घे.

तुझा,
काका