तर्री कमी, चणे जास्त

प्रिय पोरी,

परवा ग्राउंडवर ८०० मीटरच्या शेवटच्या वळणावर तू मटकन खाली बसलीस. विचारलं तर म्हणे, "सर, काल रातच्याला फक्त ओट्स खाल्ले." पोहे बंद, चिवडा बंद, मायनं केलेल्या सांभारवडीकडे, म्हणजे कोथिंबिरीच्या तळलेल्या वडीकडे, पाहायचंही नाही. अगं, पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण या ८०० मीटरचेच असतात. उपाशी पोटानं ते कोण देईल तुला?

स्टँडवरच्या तर्री-पोह्यांचंच घे. त्यात वाईट काय आहे, ते नीट पाहा. पोहे म्हणजे तांदूळ, धावून आल्यावर तेच तर पाहिजे असतं. रश्श्यात काळे चणे, म्हणजे डाळीच्याच घरचं धान्य. राहिली तर्री, म्हणजे रश्श्यावर तरंगणारं लाल तेल. एक मोठा चमचा तेल साधारण १२० कॅलरीचं, आणि आपला टपरीवाला प्रेमानं तीन ओततो. तेव्हा त्याला सांगायचं, "भाऊ, खालून रस्सा द्या, चणे जास्त टाका." तो हसेल, हसू दे. वरून लिंबू पिळून घे आणि शेव नको म्हण. चहा मात्र तासाभरानं. जेवणाला चिकटून चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, आणि तुम्हा पोरींना त्याची गरज जास्त.

पण हे सगळं धावून आल्यावर. मी तुझ्या वयाचा असताना शर्यतीच्या अर्ध्या तासाआधी दोन आलुबोंडे हाणले होते. पुढचं सांगत नाही. पहाटे निघताना एक केळ किंवा गुळाचा खडा पुरे.

तीन हजारांच्या पावडरचा डबा घेऊ का, असं तू विचारलंस. आधी फुटाण्यांचा हिशेब कर. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाण्यात सहाएक ग्रॅम प्रोटीन, जवळपास एका अंड्याएवढं. तुझ्या ५० किलो वजनाला दिवसाला किमान ४०-४२ ग्रॅम लागतं, सराव करणारीला त्याहून जास्त. म्हणून नुसते फुटाणे चघळून भागणार नाही. घट्ट वरण, दूध, अंडी पाहिजेतच. शेंगदाणेही चांगले, पण मूठभरच. वाटी घेऊन बसलीस की तेलच खाल्ल्यासारखं होतं.

पौषात तुमच्या वावरात तुरीच्या शेंगा भरतील. मीठ घालून उकडलेल्या त्या शेंगांपुढे कुठला पाकिटातला नाश्ता टिकेल? ज्वारीच्या लाह्या, कच्चा चिवडा, जवसाची चटणी, सगळं चालेल. फक्त चिवड्यात आणि चटणीवर आपण कच्च्या तेलाची धार सोडतो ना, ती चमच्यानं मोजून घे. (हे मी घरी बोललो तर माझंच ताट उचललं जाईल.)

सांभारवडी रविवारी खा. दोन. दुपारच्या जेवणात, एक भाकर कमी करून. शेगावला दर्शनाला गेलीस तर कचोरीही खा, पण एकच. टपरीवरच्या काळ्या पडलेल्या तेलातलं मात्र रविवारीही नको.

शनिवारी पाच वाजता ग्राउंडवर ये. उरलेले ओट्स घेऊन ये, तुझी काकू त्याची धिरडी करून पाहते म्हणते.

तुझा,
सर