मित्राच्या बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे बारसंच का? आणि त्यानं नाव-आडनाव बदलतं का?

तुम्ही विचारलंय की ऑफिसमधल्या मित्रानं चर्चला बोलावलंय, बाळाचा बाप्तिस्मा आहे, तर हे आपल्या बारशासारखंच असतं का आणि जाताना काय घेऊन जायचं. मी कोल्हापूरचाच, ख्रिस्ती घरातला, म्हणून लिहितोय.

बारसं नाही हो, ख्रिस्ती मंडळीत घ्यायचा पाण्याचा विधी आहे तो. नाव बहुतेक आधीच ठेवलेलं असतं, पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, फक्त ते घेऊन "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने" बाप्तिस्मा देतात. आडनाव पण आहे तेच राहतं, आमच्यात शिंदे, जाधव, कांबळे सगळे आहेत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीत लोकांना द्यायचा, येशूनं पण त्याच्याकडूनच घेतला. येशूचा सुरुवातीचा प्रचारक पौल, त्यानं बायबलमधल्या रोमकरांच्या पत्रात त्याचा अर्थ सांगितलाय तो मला सगळ्यात पटतो, पाण्यात जाणं म्हणजे जुन्या माणसाला पुरणं आणि वर येणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर नव्यानं उठणं. नुसतं पाप धुवायची आंघोळ नाही ती.

आता तुम्ही म्हणाल बाळानं कसलं पाप केलंय. बरोबर आहे, आणि ह्याच्यावरनं ख्रिस्ती लोक पाचशे वर्षं भांडतायत. १५२५ ला झुरिकमध्ये काही जणांनी लहानपणीचा बाप्तिस्मा मोजायचाच नाही म्हणून मोठेपणी परत घेतला, त्यातल्या काहींना पुढं जीव पण गमवावा लागला. कोल्हापुरात १८५२ ला वाइल्डरसाहेब हे अमेरिकन मिशनरी आले आणि त्यांचं मिशन पुढं अमेरिकन प्रेस्बिटेरियन ह्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांकडं गेलं, त्यामुळं आमच्या जुन्या चर्चमध्ये बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडतात. वचन आईबाप देतात आणि मंडळी पण उभी राहून देते की ह्याला विश्वासात वाढवू. पोरगं मोठं झालं की ते स्वतः कबुली देतं आणि मग प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकरी-द्राक्षरस, घेतं. कॅथलिकांच्यात धर्मपिता-धर्ममाता, तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती असं जास्त असतं. पेंटेकॉस्टल पंथाचे लोक मोठ्यालाच देतात, पूर्ण बुडवून. आणि मुक्तिफौजवाले (साल्वेशन आर्मी) तर देतच नाहीत!

माझी आत्या लग्नानंतर मोठ्यालाच बाप्तिस्मा देणाऱ्या एका मंडळीत गेली, तिथं तिला सांगितलं तुझा लहानपणीचा खरा नव्हेच, मग तिनं एका शेतातल्या विहिरीत परत घेतला. आजी दोन महिने तिच्याशी बोलली नाही, कारण आमच्यात बाप्तिस्मा एकदाच. मला विचाराल तर दोघींचं पण खरं वाटतं, पण परत घ्यायला मी जाणार नाही.

माझ्या मुलीचा बाप्तिस्मा जानेवारीत होता, सकाळी हुडहुडी भरलेली, तर आजी थर्मासमधनं कोमट पाणी घेऊन आली. पाळकसाहेबांच्या हातातल्या वाटीत तिनं स्वतः ओतलं आणि वर करंगळी घालून बघितलं. मागच्या बाकावरनं एक काका म्हणाले अहो हे चालतं का? पाळकसाहेब हसले, म्हणाले, चालतं की, दिदाखे म्हणून अगदी सुरुवातीच्या काळातलं छोटं पुस्तक आहे त्यात लिहिलंय, वाहतं पाणी घ्या, नाही तर दुसरं, थंड जमत नसेल तर गरम, आणि तेवढं पण नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. पोरगी रडलीच शेवटी, पण पाण्यानं नाही, झग्याची लेस टोचत होती म्हणून.

तुम्हाला काही करायचं नसतं, सगळे उभे राहिले की उभं राहायचं. प्रभुभोजन असेल तर भाकरी-द्राक्षरस घ्यायला पुढं जाऊ नका, कुणी वाईट मानत नाही. गिफ्ट म्हणून बाळाचे कपडे चालतील किंवा पाकीट. उपासना लांबते, तेव्हा नाष्टा करून जा, पण पोटात जागा ठेवा, जेवणात तांबडा-पांढरा असायची शक्यता दाट आहे.