मामा म्बोगाचा मोबाईल आणि तुमचे तीस लाख

प्रश्न: नोकरीनिमित्त आठ वर्षं नैरोबीत आहे. ३० लाख शिलिंग, म्हणजे साधारण २० लाख रुपये, साठलेत. इथली भाजीवाली, जिला 'मामा म्बोगा' म्हणतात, तीही पुठ्ठ्यावर नंबर लिहून एम-पेसानं (सफारीकॉम या मोबाईल कंपनीची फोनवरून पैसे पाठवायची सेवा) पैसे घेते. मेथीची जुडी पिशवीत पडायच्या आत तिचा फोन वाजतो. सगळी रक्कम सफारीकॉमच्या शेअरमध्ये टाकू का? चार वर्षांनी नाशिकला परतायचंय, मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगला जाईल.

उत्तर: कंपनीबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. २००७ साली सुरू झालेल्या एम-पेसाचा वाटा आज सफारीकॉमच्या केनियातल्या सेवांच्या उत्पन्नात ४० टक्क्यांच्या वर आहे. फोनवरचं बोलणं लोक व्हॉट्सॲपवर नेतात, पण गावी आईला पैसे पाठवणं थांबत नाही.

पण मामा म्बोगाचा फोन वाजतो म्हणून शेअर वाढतोच असं नाही. २००८ च्या आयपीओत, म्हणजे पहिल्या जाहीर विक्रीत, हा शेअर ५ शिलिंगांना मिळाला, अनेकांनी कर्ज काढून अर्ज भरले, आणि वर्षभरात भाव त्याच्याही खाली गेला. २०२१ मध्ये तो ४० च्या वर होता, २०२३ च्या अखेरीस १५ च्या खाली. त्या दोन वर्षांत ग्राहक काही पळाले नव्हते. परकी गुंतवणूकदार विकून बाहेर पडत होते आणि इथिओपियात पाण्यासारखा पैसा ओतला जात होता. तिथल्या परवान्यालाच सफारीकॉम आणि भागीदारांनी ८५ कोटी डॉलर मोजले. २०२२ मध्ये सेवा सुरू झाली, आणि जुलै २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं बिरचा, म्हणजे इथिओपियाच्या चलनाचा, दर बाजारावर सोडल्यावर काही महिन्यांत त्याची किंमत निम्म्यावर आली. ग्राहक बिरमध्ये पैसे देतात, यंत्रसामग्री डॉलरमध्ये येते.

मीही २००७ च्या तेजीत आपल्याकडच्या एका मोबाईल कंपनीचे शेअर घेतले होते. महिन्याला लाखो नवे ग्राहक! मग सेकंदाला एक पैसा असा दर आला, ग्राहक आणखी वाढले आणि माझे पैसे बुडाले.

तुमची खरी अडचण मात्र वेगळी आहे. पगार शिलिंगमध्ये, बचत शिलिंगमध्ये, आता शेअरही शिलिंगमध्ये. कॉलेजची फी मात्र रुपयांत. २०१९ मध्ये डॉलरला शंभरच्या आसपास असलेला शिलिंग जानेवारी २०२४ मध्ये १६० पर्यंत घसरला होता. नंतर सावरला, पण फी भरायची तारीख त्यासाठी थांबली नसती.

म्हणून ५ लाख शिलिंगांपर्यंत घ्या, तेही वर्षभरात तुकड्यातुकड्यानं. उरलेले २५ लाख आतापासून दर तिमाहीला थोडे थोडे भारतात आणा. काही एनआरई मुदत ठेवीत (अनिवासी भारतीयांची रुपयांतली ठेव; तुम्ही अनिवासी असेपर्यंत व्याज करमुक्त), काही एफसीएनआर या डॉलरमधल्या मुदत ठेवीत, मुदत पहिल्या वर्षाच्या फीशी जुळवून. परतावा शेअरइतका नसेल, पण मुलीचा प्रवेश बाजाराच्या मूडवर राहणार नाही.

परतल्यावरही ते शेअर ठेवता येतात. मात्र भारतात करासाठी 'सामान्यतः निवासी' ठरलात की आयकर विवरणात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावे लागतात. केनियात लाभांशावर आज तुमचा ५ टक्के कर कापला जातो, तिथले अनिवासी झाल्यावर १५. आणि निघण्याआधी शेअर खात्यावरचा पत्ता आणि बँक खातं बदलून घ्या, नाहीतर लाभांश बंद झालेल्या खात्याकडे जात राहील आणि तुम्ही नाशिकहून ईमेल लिहीत बसाल.