त्या अडीच वर्षांचा हिशेब

प्रश्न : वकीलताई, मी कुंभारीच्या घरकुलात राहते, विड्या वळते. आमच्या मालकांना जन्मठेप झालीय. वय 64, शुगर आहे. कोरोनात पॅरोल मागितला, तर ‘याआधी दोनदा सुटून वेळेत परतल्याची नोंद नाही’ म्हणून अर्ज फेटाळला. हायकोर्टात गेल्यावर सुटले. 2023 ला बोलावणं आलं तसे स्वतः जाऊन हजर झाले. आता 14 वर्षं झाली म्हणून विचारलं, तर बाहेरचा काळ धरत नाही म्हणतात. सरकारनेच सोडलं होतं ना?

उत्तर : ताई, कडू आहे ते आधी सांगते. तो काळ धरणार नाहीत. आपल्या महाराष्ट्राच्या 1959 च्या कैद्यांच्या रजेच्या नियमांत संचित रजा, म्हणजे ठरावीक काळ आत काढल्यावर मिळणारी फर्लो, शिक्षेत मोजतात. अभिवचन रजा, म्हणजे काही खास कारणाने मिळणारा पॅरोल, मोजत नाहीत. कोरोनातली सुटका पॅरोलच्याच नियमात घातली होती.

पण त्यांना आधी अडवलं, ते मला आजही सलतं. 23 मार्च 2020 ला सुप्रीम कोर्टाने तुरुंगांतली गर्दी कमी करायला राज्यांना समित्या नेमायला लावल्या. आपल्याकडे 8 मेची अधिसूचना निघाली. सात वर्षांपर्यंत शिक्षा असेल तर वाट मोकळी. त्याहून जास्त असेल तर मागच्या दोन्ही वेळी वेळेत परतलेला हवा. माणूस किती म्हातारा, किती आजारी, याला त्या अटीत जागाच नव्हती. त्या दिवसांत मी असे अर्ज लिहीत होते. एका आजोबांचा नकार आला, तेव्हा त्यांची सून इन्सुलिनची चिठ्ठी घडी घालत, उलगडत माझ्या पायरीवर बसून होती. आजोबा आधी कधी सुटलेच नव्हते, कारण जामीनदार मिळाला नव्हता. गरिबाला रजा मिळत नाही, आणि रजा मिळाली नाही म्हणून साथीतही आतच राहायचं! पुढे हायकोर्टाने अर्थ लावून दिला, की जो कधी सुटलाच नाही त्याला या अटीवर अडवता येत नाही. तुमचे मालक त्यामुळेच बाहेर आले असणार.

आता हिशेब नीट तपासून घ्या. तुरुंगातून त्यांच्या शिक्षेचा तक्ता लेखी मागा. अटक झाल्यापासून निकालापर्यंतचे कच्च्या कैदेचे दिवस त्यात आहेत का, हे आधी बघा. ते धरावेच लागतात. कधी फर्लो मिळाली असेल तर ती पॅरोलच्या रकान्यात पडली नाही ना, तेही बघा. अशी चूक मी दोनदा पकडलीय. 14 वर्षं ही कमीत कमी मर्यादा आहे, ती भरली की सुटका होतेच असं नाही. म्हणून वय आणि शुगरचे कागद सुटकेच्या अर्जाला आत्तापासूनच जोडा.

वकिलाला पैसे देऊ नका. कोठडीतल्या माणसाला आणि बाईलाही 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, नाहीतर 15100 वर फोन करा. नकाराचा तो जुना कागद सोबत न्या, पण द्यायची ती झेरॉक्सच.