हळदी काच आणि टीसीएलची पिशवी

प्रश्न : मॅडम, मी देवगड तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची, पिशवी फोडली की पावसाळी हवेत पावडर लवकर मरते, मग ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायच्या थेंबांच्या चाचणीला, पिवळा रंगच येत नाही. मिठाच्या पाण्यात एक काच बुडवून उन्हात ठेवली की क्लोरीन मिळतो असं वाचलं. खरं आहे का? समुद्र तर आमच्या दारातच आहे.

उत्तर : खरं आहे, मी स्वतः करून पाहिलंय. वीज वाहणाऱ्या पारदर्शक काचेवर बिस्मथ व्हॅनेडेटचा थर द्यायचा. तापलेल्या काचेवर फवारा मारून आम्ही तो बसवायचो. काच हळदीसारखी पिवळी दिसते. ती मिठाच्या पाण्यात उभी केली, तारेने प्लॅटिनमच्या पत्रीला जोडली, बाहेरून थोडा व्होल्टेज दिला आणि दिवा लावला. पत्रीवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे, हळदी काचेवर मात्र काहीच नाही! अर्धा तास मी तार हलवत बसले. मग भांड्यावर वाकले आणि नाकात घुसला तो वास तुमच्या ओळखीचा, टीसीएल कालवताना येतो तोच. क्लोरीन बुडबुडे न होता पाण्यातच मुरत होता. ओटीचे थेंब टाकले तर पाणी काचेपेक्षा पिवळं.

होतं असं की उजेडाने थरातले इलेक्ट्रॉन उसळतात आणि तारेतून पलीकडे जातात. मागे राहिलेली रिकामी जागा मिठातल्या क्लोराइडचा इलेक्ट्रॉन ओढून घेते. क्लोराइडचा झाला क्लोरीन, त्याचं पाण्यात हायपोक्लोरस आम्ल. टीसीएलमध्येही जंतूंना मारतं ते हेच. खरं तर पाण्यातून ऑक्सिजन काढायला 1.23 व्होल्ट पुरतात आणि क्लोरीनला 1.36 लागतात, म्हणजे ऑक्सिजनचा नंबर आधी. पण त्याच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात, क्लोरीनला दोनच. त्यामुळे क्लोरीन रांग मोडून पुढे जातो.

आता तुमच्या कामाचा हिशेब. तळहाताएवढ्या, म्हणजे 10 बाय 10 सेंटिमीटरच्या काचेतून चांगल्या उन्हात 0.4 अँपिअर मिळाले आणि ते सगळे क्लोरीनच्याच कामी आले, तर तासाला साधारण अर्धा ग्रॅम क्लोरीन होतो. 50 हजार लिटरच्या टाकीला लिटरमागे 2 मिलिग्रॅम धरले तरी 100 ग्रॅम लागतो. पाच तास ऊन मिळालं तर अशा 40 काचा. हे ऐकायला जमण्यासारखं वाटतं. पण बिस्मथ व्हॅनेडेटचे इलेक्ट्रॉन हायड्रोजन सोडण्याइतके जोरकस नसतात, बाहेरून थोडा व्होल्टेज द्यावाच लागतो. शिवाय काचेजवळचं पाणी आंबट झालं की थर विरघळतो. माझ्या एका काचेला दुसऱ्या दिवशी कडेने टक्कल पडलं होतं. आणि पाणी सर्वांत गढूळ असतं त्या आषाढात तुमच्याकडे ऊन कुठे असतं?

समुद्राचं पाणी पिण्याच्या टाकीसाठी नकोच. त्यातल्या ब्रोमाइडपासून ब्रोमेट होऊ शकतं, ते पोटात जायला नको. कॅल्शियम-मॅग्नेशियमची पांढरी पुटं पत्रीवर चढतात ती वेगळीच. साधं मीठच घ्या.

माझं मत विचाराल तर आज ग्रामपंचायतीने सोलर पॅनेल आणि टायटॅनियम इलेक्ट्रोडचा इलेक्ट्रोक्लोरिनेटर बघावा. तोही मिठातूनच क्लोरीन काढतो आणि बॅटरी असली तर ढगातही चालतो. तोवर पावडर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवा.

प्रश्न : याच पद्धतीने हायड्रोजन पेरॉक्साइड करता येतो का? (बी.एस्सी. विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : येतो, पण तो फार नाठाळ. पाण्यातून तो काढायला 1.77 व्होल्ट लागतात, शिवाय झालेला पेरॉक्साइड त्याच काचेवर पुन्हा मोडतो. जपानमधल्या त्सुकुबाच्या एआयएसटी संस्थेत सायामा यांच्या गटाने मिठाऐवजी बायकार्बोनेटचं पाणी घेतलं, ते बर्फात थंड ठेवलं आणि टंगस्टन ऑक्साइडवर बिस्मथ व्हॅनेडेट चढवून पेरॉक्साइड साठवून दाखवला. खायचा सोडा म्हणजे बायकार्बोनेटच. कॉलेजात करून बघायचं असेल तर सरांना विचारून त्यापासून सुरुवात कर. मीठ घेतलंस तर खिडक्या उघड्या ठेव.